आमच्या माणदेशातही पाऊस नाही, मग तिथं पांढरं रण का नाही?

गलाईवाला_भुज

नमस्कार मंडळी. मी मूळचा आटपाडी तालुक्यातला. गेली एकोणीस वर्षं भुजला गलाईचं दुकान आहे, सोनं-चांदी गाळतो. इथं लिहायचा सराव नाही, चूकभूल द्यावीघ्यावी.

गेल्या कोजागरीला गावाकडून आई, थोरला भाऊ, वहिनी, पुतण्या अशी सगळी फौज आली होती. आईला पांढरं रण बघायचं होतं. चांदण्यात लई भारी दिसतं, असं मीच फोनवर सांगून ठेवलेलं. भिरंडियाराला मावा खाल्ला, धोरडोला पोचलो आणि बघतो तर समोर तळं. गुडघाभर गढूळ पाणी, नजर जाईल तिथवर तेच. आई म्हणाली, "हे बघायला एवढ्या लांब आणलंस व्हय? आपला राजेवाडीचा तलाव काय वाईट होता?"

पुतण्या हट्टी. जानेवारीत एकटाच परत आला. खावड्याहून धोलावीरेला जो रस्ता रणातून जातो, त्यावरनं आम्ही दोघं मोपेडवर निघालो. आता दोन्ही बाजूंना पांढरंशुभ्र. फरशी घातल्यागत. पोराला वाटलं, रस्त्यावरून खाली घालावी गाडी. मी नको म्हणेपर्यंत घातली. दहा-बारा फूट गेला आणि पुढचं चाक कचकन आत! वरचा मिठाचा थर माझ्या दोन बोटांएवढा, त्याखाली काळाकुट्ट चिखल, सडक्या अंड्याचा वास. गाडी ओढून काढेपर्यंत त्या खड्ड्यात पाणी जमलं. बोट बुडवून जिभेला लावलं तर खारट म्हणण्याच्या पलीकडचं, कडू आणि जीभ पोळल्यासारखं.

आता माझं डोकं इथं अडकलंय. कच्छात वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आमच्या आटपाडीत काय वेगळं आहे? थोडंफार इकडंतिकडं. ऊन दोन्हीकडं तसंच. मग आमच्याकडं नुसती कुसळं आणि इथं एवढं मीठ, हे कसं? ऑक्टोबरात तळं आणि जानेवारीत मीठ, हे दरवर्षी कसं होतं? आणि त्या मिठावर पाच-सहा कोनांच्या चौकटी पडलेल्या असतात, कुणी दोरी धरून आखल्यासारख्या, त्या कशानं? भुजमध्ये विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो "दरिया था पहले". एवढ्यावर माझं समाधान होत नाही.

---

आगरातला_पोऱ्या

दादा, "दरिया था" हे खोटं नाही. मी पेणकडचा, आजोबांचं मिठागर होतं. आमच्याकडं भरतीचं पाणी बांधाच्या उघाडीतून आत घ्यायचं, एका खणातून दुसऱ्या खणात फिरवायचं, उन्हात आटवायचं, शेवटच्या खणात मीठ. रण म्हणजे देवानं बांधलेलं आगर समजा.

एक सांगतो, पांढरं रण आणि छोट्या रणातली मिठागरं यांत घोळ करू नका. खाराघोड्याकडं गेलो होतो. तिथले अगरिया समुद्राचं पाणी घेतच नाहीत. रणात विहिरी खोदून खालचं पाणी उपसतात. आमचं भरतीचं पाणी खारेपणाचा मीटर लावला तर तीन डिग्री, फार तर साडेतीन. त्यांचं विहिरीचं पाणी जमिनीतून निघतानाच दहा-बाराच्या पुढं. म्हणजे निम्मं काम जमिनीनंच करून ठेवलेलं. त्यांच्या खणाला ते पाटा म्हणतात, आणि खडे आमच्या मिठापेक्षा कितीतरी मोठे, खडीसाखरेसारखे. अगरिया, आगरी, आगर, शब्द बघा.

पण तुमच्या माणदेशाचं कोडं मला नाही सुटत. जाणकारांची वाट बघतो.

---

खारी_विहीर

गलाईवाले भाऊ, प्रश्न फार नेमका विचारलात. पाऊस मोजायचं थोडा वेळ बाजूला ठेवा आणि पडलेलं पाणी जातं कुठं ते बघा.

आधी ओळख. मी भूजलाच्या कामात नोकरी काढली, त्यातली बरीचशी अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात. गोड पाण्याची जागा दाखवायची हे माझं काम, आणि निम्म्या वेळा घोट तोंडात घेऊन थुंकायची पाळी. इथलं नाव त्यावरूनच घेतलंय.

तुमची माणगंगा वर्षातले बरेच महिने कोरडी असते, कबूल. पण तिला उतार आहे. एक दणदणीत पाऊस झाला की ती गढूळ होऊन पळत सुटते, सरकोलीजवळ भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्राला. दगड झिजताना थोडंथोडं मीठ कायम सुटत असतं, काळ्या दगडातूनही. माणदेशातलं ते मीठ लाखो वर्षं बंगालच्या उपसागरात जाऊन पडतंय. नदी चार दिवस वाहिली तरी तेवढं काम होतं.

आता कच्छ. रण ही जवळजवळ सपाट जागा, समुद्रापेक्षा जेमतेम काही मीटर उंच. लुणी नदी अजमेरजवळच्या डोंगरातून निघते, बालोत्र्यापर्यंत गोड असते, पुढं खारट होत जाते. नावच लवणावरून आलंय. ती रणात येऊन संपते. बनास, रूपेण, सरस्वती या नद्या छोट्या रणात अशाच येऊन पसरतात. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा समुद्राचं पाणी खाड्यांतून आत ढकलतो, ते वेगळंच. हे सगळं एका परातीत जमतं. परातीला बाहेर पडायला वाट म्हणावी अशी नाही आणि तळाला चिकणमाती, त्यामुळं पाणी जिरायलाही तयार नाही. राहतो एकच रस्ता, वर. त्या भागात उघड्या पाण्यातून वर्षाला दोन मीटरच्या आसपास वाफ उडून जाऊ शकते आणि पाऊस अर्धा मीटरसुद्धा नाही. त्यामुळं कोजागरीला तळं आणि संक्रांतीला मीठ. तुमच्या आईंना चुकीच्या महिन्यात नेलंत, एवढीच तुमची चूक.

नुसत्या एका वर्षाच्या पाण्यानं किती मीठ पडेल याचा हिशेब करून बघा, तुम्हाला तोळ्या-माशाची सवय आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. एक मीटर खोल पाणी पूर्ण आटलं तर एका चौरस मीटरवर ३५ किलो, म्हणजे दीड सेंटिमीटरच्या आसपास थर. तुमची दोन बोटं यापेक्षा जास्त भरतात. शिवाय रणातलं पाणी समुद्र, पाऊस, नदी असं मिसळीचं असतं, म्हणजे त्यात क्षार त्याहूनही कमी. मग बाकीचं मीठ आलं कुठून? एक तर मागच्या वर्षीचं वितळून परत जमतं. दुसरं, पोराच्या चाकानं जो खड्डा केला त्यातून.

तुमच्या खड्ड्यात जमलेलं पाणी हेच खरं रण. वरचं मीठ ही नुसती साय. खाली हात-दोन हातांवर कायम दाट खारं पाणी असतं आणि ते मातीच्या बारीक फटींतून दिव्याच्या वातीतलं तेल चढावं तसं वर चढतं. वर आलं की वाफ होते, मीठ मागं राहतं. मिठाची साय पांढरी, ती ऊन परतवते, आणि तिच्याखाली ओल टिकून राहते, म्हणून वरून फरशी आणि आत चिखल. काळा रंग आणि अंड्याचा वास हा जीवाणूंचा उद्योग. हवा न पोचणाऱ्या चिखलात ते पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि गंधकाचा वायू सोडतात. २६ जानेवारी २००१ ला तुम्ही भुजमध्ये असतात तर ऐकलं असतं, भूकंपाच्या हादऱ्यानं रणात आणि त्याला लागून असलेल्या बन्नीच्या गवताळ पट्ट्यात जमिनीतून पाणी आणि वाळू उसळून वर आली होती.

जीभ पोळली त्याचंही कारण सांगते. पाणी आटत जाताना सगळे क्षार एकदम पडत नाहीत. आधी चुन्याचे, मग जिप्सम, समुद्राचं पाणी दहा-अकरा पट दाट झालं की मग आपलं जेवणातलं मीठ. मॅग्नेशियमचे क्षार हट्टी, ते शेवटपर्यंत पाण्यातच राहतात आणि तेच कडू. मिठागरवाले हे उरलेलं कडू पाणी काढून टाकतात. आगरातला भाऊ सांगेल.

चौकटींचं कोडं बराच काळ सुटत नव्हतं. चिखलाला भेगा पडतात तसंच काहीतरी असावं असं समजायचे. पण चिखलाच्या भेगा लहान-मोठ्या पडतात, आणि मिठाच्या चौकटी जगात कुठंही बघा, एक-दोन मीटरच्याच. २०२३ मध्ये आलेल्या एका संशोधनातला खुलासा मला पटला. वरचं पाणी आटून जड होतं आणि खाली बुडतं, खालचं त्यामानानं हलकं वर येतं, भात रटरटताना पातेल्यात फिरतं तसं, फक्त वाळूच्या आत आणि महिनोन्महिने. जिथं दाट पाणी बुडतं त्या रेषेवर मीठ जास्त जमतं, ती चौकटीची कड. पुढच्या खेपेला कडेवरून बोट फिरवून बघा, मधल्या भागापेक्षा उचललेली लागेल.

आता "दरिया था". अर्धं खरं. रण उथळ समुद्र होता, गाळानं भरत आणि जमीन उचलली जात आजच्या स्थितीला आला. पण ही उचल फार पूर्वीच संपली असं समजू नका. १६ जून १८१९ च्या भूकंपात रणाच्या उत्तरेला ८० किलोमीटरहून लांब जमिनीची पट्टी काही मीटर वर आली. कुणी माणसानं बांधलेला नाही म्हणून लोकांनी त्याला अल्लाह बंद म्हटलं. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली, सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला आणि तिथं तळं झालं. सिंधूच्या एका जुन्या फाट्याची वाट अडली, ती १८२६ च्या पुरानं बंद फोडेपर्यंत.

महाराष्ट्रात असं काही नाहीच का? आहे की, लोणार. उल्केनं खळगा पाडला, त्यात धारेचं गोड पाणी पडतं आणि बाहेर पडायला वाट नाही. दगड बेसाल्टचा, म्हणून त्या पाण्यात सोडा खूप. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की काठावर पांढरी पापडी सुटते. एकदा तिथं नमुना घेताना ते पाणी हाताला लागलं, साबण लावल्यासारखी बोटं बुळबुळीत झाली. घाटावर, बेसाल्टच्या पोटात, पाऊस कच्छाच्या दुपटीला जवळ, तरी खारं तळं! तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सगळ्यात स्वच्छ दिसतं.

---

सांगानेरी

ताई, एक शंका. मी जयपूरला असतो, सांभरचं खाऱ्या पाण्याचं तळं जवळच. इथं एक जुने मास्तर सांगायचे की सांभरचं मीठ कच्छच्या रणातून वाऱ्यानं उडत आलं. खरं आहे का?

---

खारी_विहीर

मास्तरांनी ऐकीव सांगितलं नाही, तो एके काळी चांगला मानलेला सिद्धांत होता. हॉलंड आणि क्रिस्टी या दोघांनी १९०९ साली तो मांडला. उन्हाळ्यात नैऋत्येचा वारा रणावरून राजस्थानकडं वाहतो, त्यात मिठाची धूळ असते, हे त्यांनी वाऱ्यातले क्षार मोजून दाखवलं होतं. थोडी धूळ येतही असेल. पण सांभरला मेंढा आणि रूपनगढ या नद्या अरवलीकडून पाणी आणतात, तळ्याला बाहेर वाट नाही, आणि हे हजारो वर्षं चाललंय. नदीच्या पाण्यातलं चिमूटभर मीठ तेवढ्या काळात पुरून उरतं. नंतरचा अभ्यास याच बाजूला गेला.

वाऱ्याचं खरं काम वेगळं आहे आणि ते मला जास्त आवडतं. कोरड्या मुलखात वारा जमीन खरवडतो, पण ओल लागली की त्याचं काही चालत नाही, ओली माती उडत नाही. म्हणून खळगा पाण्याच्या पातळीपर्यंत खोल होतो आणि तिथं थांबतो. एवढी सपाट जागा गवंड्यालाही साधणार नाही, ती यामुळंही होते.

---

ॲडलेडकर

वाचून राहवलं नाही. आमच्याकडं काटी थांडा आहे, नकाशावर लेक आयर असंही लिहितात. ऑस्ट्रेलियातली सगळ्यात खोलगट जागा, समुद्रसपाटीच्या १५ मीटर खाली. जवळजवळ सहावा हिस्सा खंड त्यात उतरतो, पण बहुतेक वर्षं तिथं पोचेपर्यंत पाणी रस्त्यातच संपतं. पूर्ण भरल्याचं १९५०, १९७४, १९८४ असं बोटांवर मोजण्याइतकंच सांगतात. १९७४ ला सहा मीटरपर्यंत पाणी होतं.

२०२५ च्या मार्चमध्ये क्वीन्सलंडच्या पश्चिमेला धो धो पाऊस झाला आणि ते पाणी हजारभर किलोमीटर रांगत रांगत कित्येक आठवड्यांनी इथं आलं. गंमत म्हणजे आम्ही ॲडलेडमध्ये त्याच वेळी दुष्काळानं हैराण. जुलैत लहान विमानातून वरून बघितलं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कोरडं मीठ, मध्ये गुलाबी आणि तांबूस पट्टे. बायकोला उलटी झाली, त्यामुळं फोटो कमी आहेत.

एक किस्सा. डोनाल्ड कॅम्पबेलनं वेगाचा विक्रम करायला हीच जागा निवडली, कारण वर्षानुवर्षं कोरडी. १९६३ ला गाडी घेऊन आला आणि पाऊस पडला! सगळा बाडबिस्तरा गुंडाळून परत. १९६४ ला पुन्हा आला आणि ताशी ४०३ मैलांनी गाडी पळवली, तीही भिजलेल्या, ठिसूळ मिठावर. तुमच्या पुतण्याला सांगा.

---

गलाईवाला_भुज

पुतण्याला वाचून दाखवलं, तो म्हणतो त्याची मोपेडच जुनी होती.

ताई, खरंच आभार. लोणारचं वाचून मला एकदम दाजींची शेती आठवली. वाळवा तालुक्यात आहेत, नदीकाठची काळी जमीन, बारमाही ऊस आणि पाट भरून पाणी. मागच्या सात-आठ वर्षांत दोन एकराला मीठ फुटलंय. सकाळी बघितलं तर पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं, ऊस गुडघ्यावर येऊन थांबतो. दाजी म्हणतात खताचं आहे. ते आणि रण एकच का?

---

खारी_विहीर

एकच, फक्त परात माणसानं केलीय. नको तितकं पाणी दिलं, काळ्या मातीतून निचरा होईना, खालची पातळी वर आली, आणि मग तीच वात. खताचा थोडा हात असेल, पण पाणी मुख्य. त्यात मीठफुटी कुठली आणि चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेली जमीन, कुठलं, हे माती तपासल्याशिवाय ठरवू नका, दोन्हींचा उपाय वेगळा. चोपणाला जिप्सम लागतं. नुसत्या क्षारपडीला निचरा हवा. तुमच्या भागात जमिनीखाली भोकाचे पाइप गाडून पाणी ओढ्याला काढतात, शेजारच्या चार जणांनी मिळून केलं तरच परवडतं. एकट्यानं केलं तर शेजाऱ्याचं पाणी तुमच्याकडं येत राहतं.

आणि हो, आधी लिहायचं राहिलं. तुम्ही मुशीत टाकता तो टाकणखार, म्हणजे बोरॅक्ससुद्धा आटलेल्या तळ्यांचाच माल. पूर्वी तिबेट-लडाखकडच्या तळ्यांतून मेंढ्यांच्या पाठीवर लादून खाली यायचा. म्हणजे एकोणीस वर्षं तुमच्या दुकानात हे प्रकरण डबा भरून ठेवलेलं आहे.

---

गलाईवाला_भुज

डबा हातात घेऊन बसलोय ताई.

आठवडाभर एक उद्योग केला. दुकानामागच्या बोअरचं पाणी पसरट काचेच्या बशीत घेऊन गच्चीवर ठेवलं. आटेल तसं रोज तेच पाणी वरून घालत गेलो. आज पूर्ण आटलं. कडेला बारीक पांढरं वलय, खरवडलं तर भुगा होतो. त्याच्या आत मळकट पापुद्रा. मधोमध मात्र मोहरीएवढे चौकोनी खडे, भिंगातून बघितलं तर कोपरे धारदार. ते चाखले, मीठच. कडेचं वलय चाखलं तर काहीच चव नाही. हा चुना की जिप्सम?

---

खारी_विहीर

तुमच्याकडं तेजाब आहे ना? पाण्यात पातळ करून एक थेंब वलयावर टाका. खिडकी उघडी ठेवा. बुडबुडे आले तर चुना, गप्प बसलं तर जिप्सम. आणि यापुढं बोअरचं काही चाखू नका.

---

गलाईवाला_भुज

टाकला. कडेचं फसफसलं. आतला मळकट पापुद्रा गप्प.